मशीनच्या पुस्तकातली जपानी

१० जानेवारी

मास्तर,

आशीर्वाद. रागावून दिलेलेही लागू पडत असावेत, म्हणून देते.

पाकिटावर दुकानाचं नाव बघून दचकू नकोस. बाबांनी छापून घेतलेली पाकिटं अजून संपलेली नाहीत, आणि खाली छापलेला फोन नंबरही चालू आहे. तुझा फोन त्यावर येत नाही, तो भाग वेगळा.

लिहायचं कारण मायाबिया नाही, कामाचं आहे. दुकानात दुरुस्तीला एक विणायचं मशीन आलंय. टेबलाएवढं लांब, वर सुयांची रांग, आणि सुयांवरून डावी-उजवीकडे सरकणारी एक गाडी. मशीन जपानी, त्याचं पुस्तकही जपानी, आणि ज्यांचं आहे त्या बाई शाळांचे स्वेटर विणून घर चालवतात. कोणाकडून तरी जुनं घेतलंय. गाडी मधोमध गेली की अडकते आणि तिथल्या सुया डोकं वर काढतात. मी सगळं खोललं, तेल घातलं, सुया बदलल्या. पुन्हा तेच. शिलाई मशीन माझ्यापुढे गयावया करतं हे तुला माहीत आहे, पण हे काही दाद देत नाही.

तू तिकडे जपानात असल्याच मशीनच्या कारखान्यात काम शिकलास. तू पुस्तकाचं एक पान बघून सांगशील. पण मी तुला विचारत नाहीये. तुला विचारलं की काय होतं ते मी बाबांच्या आजारपणात बघितलं. मी स्वतःच जपानी शिकणार आहे आणि पुस्तक वाचून मशीन चालू करणार आहे. बाई रोज दुकानात येऊन स्टुलावर बसतात आणि काही बोलत नाहीत. त्यापेक्षा बोललेल्या बऱ्या.

तुझ्या बायकोला नमस्कार सांग. कसा सांगायचा ते अजून शिकले नाही.

ताई


८ फेब्रुवारी

मास्तर,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. थोडं वाटलं होतं.

तर ऐक. या लोकांना लिहायला एक लिपी पुरत नाही, तीन लागतात, आणि तिन्ही एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून बसतात. पहिल्या आठवड्यात माझ्या नाकी नऊ आले. मग मी खणांची युक्ती केली. दुकानातल्या लहान खणांवर एकेक अक्षर चिकटवलं. सुयांच्या खणावर ‘हा’, कारण सुई म्हणजे हारी. दोऱ्याच्या खणावर ‘इ’, कारण दोरा म्हणजे इतो. आता गिऱ्हाइकाला सुई काढून द्यायची तरी धडा होतो. समोरचा इस्त्रीवाला आत येऊन खणांकडे बघत राहिला. म्हणाला, “ताई, धंदा बसलाय का? कोणाकडून हे उतारे लिहून आणलेत?” त्याला म्हटलं, जपानी शिकतेय. तो म्हणाला, “या वयात?” मी म्हटलं, तू या वयातही लोकांचे शर्ट जाळतोसच ना? मग गेला.

चित्रांची अक्षरं मला सोपी जातात, हे तुला खोटं वाटेल. सुईच्या अक्षरात डावीकडे धातू आहे आणि उजवीकडे अधिकचं चिन्ह. आपल्या हातात रोज जे असतं त्याचं अक्षर लगेच बसतं. नाहीतर शब्दकोश उघडते. मोबाइल पानावर धरला की तो भाषांतर करून दाखवतो म्हणे. मी धरला. त्याने गाडीला ‘पालखी’ म्हटलं आणि सुयांना ‘टाचणी सद्गृहस्थ’. तो नाद सोडला.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. या पुस्तकात कोणी कोणाला ‘कशी आहेस’ विचारत नाही. सगळे एकमेकांना जपून राहायला सांगतात. ओलं करू नका. उन्हात ठेवू नका. गाडी हळू सरकवा. जबरदस्तीने ओढू नका. विचित्र आवाज आला तर ताबडतोब थांबा आणि विक्रेत्याला कळवा. ही भाषा मला परकी वाटतच नाही. बाबा आयुष्यभर आपल्याशी असंच बोलले. तुला स्टेशनवर सोडायला आले तेव्हा पण ‘पाकीट आतल्या खिशात ठेव’ एवढंच म्हणाले, आठवतं?

अडकण्याचं पान अजून लागलेलं नाही. पुस्तक जाड आहे आणि मी हळू वाचते. मला रोज दोन ओळी कळतात, आणि त्यातली एक दुसऱ्या दिवशी चुकीची निघते. तू इथे असतास तर लगेच ‘चूक’ म्हणाला असतास. लहानपणापासून दुसऱ्याची चूक दिसली की तुझ्या अंगात यायचं. बाबा बिल करत असले तरी मागे उभा राहून ‘चूक’. मास्तर हे नाव उगीच नाही पडलं.

ताई


२ मार्च

मास्तर,

आज बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तुझ्या लक्षात असेल नसेल.

मी ठरवलं होतं की या पत्रांत हे काढायचं नाही. पण सकाळपासून दुकानात एकटी बसले आहे आणि माझं पुस्तकात लक्ष नाही. बाबा शेवटी दाराकडे बघत पडून असायचे. मी सांगायचे, विमानाला उशीर आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही की एवढा उशीर कसा. मला तुझा राग आहे, मास्तर. तू का आला नाहीस हे तू कधी सांगितलं नाहीस, आणि नंतर तर बोलायचंच बंद केलंस. म्हणजे मी रागवायचं आणि वर फोनही मीच करायचा. मी केला नाही.

एवढंच. आता कामाचं.

स्वेटरवाल्या बाई काल पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, “होत नसेल तर सांगा, मी हातावर विणीन.” त्यांची बोटं बघितली. सांध्यांवर सुजलेली आहेत. मी म्हटलं, होतंय. होत काहीच नाहीये. आज पुस्तकात ‘मोडलं असेल तर’ हा भाग सापडला. कोशो म्हणजे बिघाड. एवढं कळलं आणि पुढची सगळी ओळ चित्राक्षरांची.

ताई


२३ मार्च

मास्तर,

हे पत्र तुझी बायको तुझ्यासमोर धरणार आहे. डोळे ठीक आहेत, वाचतोस, असं ती म्हणते. तेव्हा वाच. मध्येच तोंड फिरवू नकोस.

मंगळवारी भर दुपारी दुकानातला फोन वाजला. बाईचा आवाज. आधी ‘मोशि मोशि’, म्हणजे त्यांचं हॅलो, आणि मग जी सुटली ती थांबेना. जपानी आहे एवढं कळलं आणि माझी बोबडी वळली. दोन महिने जी भाषा शिकले तिच्यातला एक शब्द तोंडात येईना. मग पाठ असलेलं पहिलं वाक्य बाहेर पडलं: “मुरि नि हिप्पारानाइदे कुदासाइ.” जबरदस्तीने ओढू नका.

मला वाटलं, तिने फोन ठेवला. मग तिने अगदी हळू काहीतरी विचारलं, आणि मी म्हटलं, “मिशिन नो होन.” मशीनचं पुस्तक. मला एवढंच येतं, असं सांगायचं होतं. तिने ते ओळखलं. मास्तर, तुझी बायको फार हुशार आहे. इतकी वर्षं तू आमची भेट होऊ दिली नाहीस, याचा हिशेब वेगळा करीन. तिने तुझं नाव घेतलं. मग एकेक शब्द सुटा करून, मशीनबद्दल बोलावं तसं म्हणाली, “कोशो.” बिघाड. “मिगि, उगोकानाइ.” उजवी बाजू हलत नाही. “ओतो, देरु.” आवाज येतो. शेवटी म्हणाली, “निहोंगो, नाइ.” जपानी नाही.

सगळं कळलं, कारण त्यातला प्रत्येक शब्द माझ्या पुस्तकात होता.

त्यानंतर रोज शब्दकोश मांडीवर घेऊन बसते आणि ती रोज फोन करते, तेव्हा बाकीचं जुळलं. मेंदूतली नस. उजवा हात, उजवा पाय. आणि तू जागा झालास तो मराठी बोलतच. वीस वर्षं ज्या भाषेत संसार केलास ती गेली, आणि घरात जी कोणालाच येत नाही ती राहिली. तिने मोबाइलला ऐकवून बघितलं, पण तुझं बोबडं बोलणं त्याला कळत नाही. वर त्याचा तो कोरडा आवाज ऐकला की तू भिंतीकडे तोंड करतोस. तुझ्या बोलण्यातला एकच शब्द तिच्या ओळखीचा होता, ‘ताई’. तो तू सारखा म्हणतोस. म्हणून तिने टेबलावरची माझी पाकिटं शोधली, आणि त्यांवरचा नंबर लावला.

तेव्हा बाबांच्या पाकिटांना नावं ठेवायची नाहीत.

ताई


४ एप्रिल

मास्तर,

मला तुला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात आणि मग जवळ घ्यावंसं वाटतं. क्रम हाच.

तुझ्या बायकोने तू बोललेलं मोबाइलवर धरून ठेवलं होतं, ते मला फोनवर ऐकवलं. तुझा आवाज मी सहा वर्षांनी ऐकला. जीभ जड झालीये, पण तूच. तू म्हणत होतास, “ताईला सांग, पट्टी बदल. वरची पट्टी. आतला स्पंज बसलाय.” तीच तीच वाक्यं, आठ-दहा वेळा. ती बिचारी समजत होती की तुला काहीतरी दुखतंय, आणि दर वेळी नर्सला हाक मारत होती.

मी फोन तसाच ठेवून मशीनकडे गेले. सुयांच्या वरून एक लांब लोखंडी पट्टी आडवी सरकवलेली असते, ती ओढून काढली. आतला स्पंज पापडासारखा चपटा झालेला. त्याने सुयांना दाबून धरायचं असतं, तो दाबत नव्हता, म्हणून सुया वर येत होत्या आणि गाडी अडकत होती. मी ती पट्टी दहा वेळा पुसली असेल, आत बघितलं नाही. गादीवाल्याकडून स्पंज आणून कापून घातला. गाडी या टोकाची त्या टोकाला गेली. बाई स्टुलावरून उठल्या आणि मला म्हणाल्या, “तुमच्या भावाला देव बरं करो.” मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं नव्हतं. फोनवर माझं रडणं त्यांनी ऐकलं होतं, बाकीचं त्यांनी जुळवलं.

म्हणजे माझं पहिलं पत्र तू वाचलं होतंस. उत्तर तुझ्या तोंडावर होतं. धडधाकट होतास तेव्हा काय झालं होतं रे? नस तुटेपर्यंत थांबायचं होतं?

आणि आता इतकं सगळं झाल्यावरही मी फोनवर आले की तू गप्प. तुझी बायको फोन तुझ्या कानाशी धरते, मी ‘मास्तर’ म्हणते, आणि मला नुसता श्वास ऐकू येतो. मग ती फोन काढून घेते आणि म्हणते, “मुकोउ.” पलीकडे वळला. तुला लाज वाटते हे मला कळतं. पण लाज वाटून घ्यायला तुला पुढे पुष्कळ वेळ आहे, आत्ता नाही. दवाखान्यातल्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी तिला स्पष्ट सांगितलंय की तुला काय हवं-नको ते घरच्या माणसाला कळत असेल तरच घरी सोडू. नाहीतर सांभाळणाऱ्या संस्थेत. ती संस्था दुसऱ्या गावात आहे. मे महिन्याच्या मध्यावर ठरवणार आहेत. हे सांगताना तुझ्या बायकोने मशीनचे शब्द वापरले नाहीत. मला अर्धंच कळलं, पण तिला तुला तिकडे पाठवायचं नाही, हे कळलं.

म्हणून आम्ही दोघींनी असं ठरवलंय की तू बोलायचंस, तिने ते मला ऐकवायचं, मी तिला सांगायचं. माझी जपानी कशी आहे ते तू ऐकतोच आहेस. परवा तू ‘पाय दुखतोय’ म्हणालास, मी ‘खालच्या भागात बिघाड’ म्हटलं. काल ‘घाम आलाय’ म्हणालास, मी ‘ओलावा पुसून कोरड्या जागी ठेवा’ म्हटलं. ती हसते, पण पुसते ना.

ताई


२० एप्रिल

मास्तर,

कालचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या बाजूने काय दिसलं ते मला तुझ्या बायकोने सांगितलं, आणि माझ्या बाजूने काय ऐकू आलं ते तुला कोण सांगणार?

मी फोनवर होते. तू पलीकडे वळलेला. तू तिला म्हणालास, “खिडकी लाव.” गारठा येत असणार. तिने फोन तुझ्याजवळ नेला, तू वैतागून पुन्हा म्हणालास, “खिडकी लाव ना.” आता माझ्या पुस्तकात खिडकी कुठून येणार? मशीनला खिडकी नसते. लावायची, बंद करायची अशी त्यात एकच वस्तू आहे, झाकण. शब्दकोश घरी स्वयंपाकघरात राहिला होता. मी ठोकून दिलं, “फुता ओ शिमेते कुदासाइ.” झाकण लावा.

तिने तुझ्या चहाच्या कपावर बशी ठेवली. मला आवाज आला. तू म्हणालास, “खिडकी!” मी म्हटलं, झाकण. तिने डब्याला झाकण लावलं. “अगं खिडकी, खिडकी!” मला वाटलं, अजून कुठलं तरी झाकण उघडं राहिलंय. मी म्हटलं, दुसरं झाकण. तिने औषधाच्या बाटलीचं बूच घट्ट केलं, पाण्याच्या भांड्यावर ताट टाकलं, आणि आता काही उरलं नाही म्हणून तुझ्या अंगावरचं पांघरूण नाकापर्यंत ओढलं.

आणि तू ओरडलास, “चिगाऊ!”

चूक!

मास्तर, तो शब्द मला माहीत नव्हता. पण तो सूर मी जन्मभर ऐकलाय. मी बाबांच्या खुर्चीत ताठ बसले. तू पुन्हा ओरडलास, “मादो! मादो!” पलीकडे काहीतरी खाली पडून खणखणत गेलं. ते ताट होतं, तिने नंतर सांगितलं. मग खिडकी सरकल्याचा आवाज. मग तिचं रडणं.

आणि मग तू माझ्याशी बोललास. फोन तिच्या हातात होता, तरी तू माझ्याशीच बोललास. “ताई, झाकण काय? झाकण? तुला कोणी शिकवली ही जपानी?”

मी म्हटलं, “तू शिकवलीस का? मग गप्प बस.”

तू हसलास. एका बाजूने हसलास असं ती म्हणाली. मला दोन्ही बाजूंनी ऐकू आलं.

ताई


१४ मे

मास्तर,

उद्या तू घरी जाणार. मी दुकान लवकर बंद केलं, आणि इस्त्रीवाल्याने कारण विचारलं तेव्हा त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “मग तुमचं ते शिकणं संपलं की.” त्याला काय कळतं!

तुला घरी का सोडतायत ते तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तो ‘चिगाऊ’ ऐकल्यावर तुझ्या बायकोने त्या शिकवणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चित्रं दाखवून, गोड बोलून जे आलं नाही ते चिडल्यावर आलं, तर चिडवा. तेव्हापासून आम्ही तुला चिडवतोय. चादरीला मी ‘पट्टा’ म्हटलं, ते मुद्दाम. चमच्याला ‘पेचकस’, ते मुद्दाम. तुझ्या सासूबाईंना ‘सुटा भाग’ म्हटलं, ते मात्र मुद्दाम नव्हतं, त्यांची माफी माग. प्रत्येक वेळी तू ‘चिगाऊ’ म्हणून बरोबर शब्द बोललास आणि तुझ्या बायकोने तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. ती भिंत बघूनच त्यांनी हो म्हटलं. मला खिडकीचा शब्द त्या दिवशी खरंच येत नव्हता. आता येतो, पण मी झाकणच म्हणणार आहे.

स्वेटरवाल्या बाईंनी तुझ्यासाठी एक स्वेटर विणून दिलाय, त्याच मशीनवर. उजवी बाही जरा सैल ठेवायला मी सांगितलं, घालायला सोपी जाईल. पार्सल निघालंय.

बाबांचं मी विसरलेले नाही. तू का आला नाहीस ते मला विचारायचंय, आणि ते मी जपानीत विचारणार नाही. तुझी जीभ नीट वळायला लागली की विचारीन. तू सांगशील तेव्हा मी आधी रागावीन आणि मग ऐकीन. तोपर्यंत राग माझ्यापाशी जपून ठेवलाय, कोरड्या जागी.

शिकणं चालू आहे. नवं पुस्तक आणलं नाही, हेच पुन्हा पहिल्यापासून वाचतेय. चुका भरपूर शिल्लक आहेत, तू दुरुस्त करत राहा.

आणि घरी गेल्यावर थंडी वाजली तर मला फोन करू नकोस, तिला सांग. मला करायचा तर भांडायला कर.

ताई